गोधडीसाठी कापड किती घ्यायचं? माझं गणित नेमकं कुठे चुकलं?

निळीपिवळी (शनिवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय (शिवणीतला नव्हे, इथला. शिवणीतले रोजच काढते).

बेत अगदी साधा होता. निळा आणि पिवळा असे दोन रंग, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक चौकोन. शिवून झाल्यावर एक चौकोन ६ इंच, गोधडी ६० × ८४ इंच. म्हणजे आडवे १०, उभे १४, एकूण १४०, प्रत्येक रंगाचे ७०.

हिशेब असा केला: ६० गुणिले ८४ म्हणजे ५०४० चौरस इंच. त्याचं निम्मं २५२०. कापडाचा पन्हा (रुंदी) ४४ इंच. २५२० भागिले ४४ म्हणजे सव्वासत्तावन्न इंच. दीड मीटर म्हणजे ५९ इंच, म्हणजे वर पावणेदोन इंच शिल्लकच! दोन्ही रंग दीड-दीड मीटर घेतले आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

धुतलं, इस्त्री केली, दुकानातली वाकडी कड सरळ केली, तर लांबी ५७ भरली. खडूने आखलं, कापलं. चौकोन मोजले, तर निळे ४८ आणि पिवळे ४८. दोनदा मोजले. गादीखाली वाकून पाहिलं.

७० हवेत, ४८ आहेत. परत गेले तर निळ्याचा तागा संपलेला. पिवळा आहे, पण नुसत्या पिवळ्याचं काय करू?

सांगा, माझं कुठे चुकलं? पुढच्या वेळी हिशेब कसा करायचा? आणि या ९६ तुकड्यांचं काय करायचं?

उसवण (रात्री १०:५२)

लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. तू आता पाय पाहून अंथरूण शीव. लहान मुलांची गोधडी झाली, अभिनंदन.

मांजरपाट (रात्री १०:५५)

चौकोन ६ चे कापलेस की साडेसहाचे?

निळीपिवळी (रात्री ११:०१)

साडेसहाचे. चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं ना. कापताना आठवलं, हिशेब करताना विसरले.

(उसवण, तुझा पाय कुठे आहे ते सांग, झाकते.)

दोन सूत (रविवार, सकाळी ७:१५)

निळीपिवळी, तुमचा भागाकार बरोबर आहे, फक्त तो कापडाचा नाही. तो रंगाचा झाला. भिंत रंगवायची असेल तर चौरस इंच मोजून चालतं, कारण रंग कुठेही ओढता येतो. कापडातून चौकोन निघतात ते अख्खे.

एकेक गळती बघा.

पहिली शिवणीची. शिवलेला ६ चा चौकोन ३६ चौरस इंच, कापलेला साडेसहाचा ४२.२५. प्रत्येक चौकोनामागे सतरा टक्के जास्त. म्हणजे तुमचे ५७ इंच इथेच ६७ झाले.

दुसरी पन्ह्याची. ४४ लिहिलेलं असलं तरी दोन्ही काठ सोडले की हातात ४२ येतो, कधी साडेबेचाळीस. काठ शिवणीत घेऊ नका, तो घट्ट विणलेला असतो आणि धुतल्यावर बाकीच्या कापडापेक्षा वेगळा आटतो. आता ६७ चे ७० झाले.

तिसरी गळती मोठी आणि हीच कुणाच्या लक्षात येत नाही. ४२ इंचाच्या पट्टीत साडेसहाचे चौकोन किती बसतात? भागाकार ६.४६ येतो, पण चौकोन सहाच. उरलेले ३ इंच प्रत्येक पट्टीला वाया. ७० चौकोनांना ७० भागिले ६, म्हणजे ११.६७, म्हणजे बारा पट्ट्या. बारा गुणिले साडेसहा म्हणजे ७८ इंच.

५७, ६७, ७०, ७८. शिवाय आटणं आणि वाकडी कड यांसाठी पाच टक्के धरा, ८२ इंच. म्हणजे २ मीटर ८ सेंटिमीटर. मी सव्वादोन मीटर मागितलं असतं.

निळीपिवळी (सकाळी ७:४०)

आई गं. म्हणजे थोडंथोडकं नाही, प्रत्येक रंगात पाऊण मीटर चुकले.

एक्सेलशौकीन (सकाळी ९:०५)

दोन सूत यांना दंडवत. वाचनखूण साठवली.

मला पाठ करायला सोपं जावं म्हणून मी असं लक्षात ठेवतो: पहिला भागाकार खाली उतरवायचा, दुसरा वर चढवायचा. एका पट्टीत किती बसतात? अपूर्णांक टाकून द्या. पट्ट्या किती लागतात? अपूर्णांक दिसला की पुढचा आकडा घ्या. शाळेत शिकवलेलं जवळच्या पूर्णांकाचं प्रकरण दोन्हीकडे बाद. सहा दशांश नऊ आलं तरी सहाच, अकरा दशांश एक आलं तरी बाराच.

पण खरी गंमत चौकोनाचा आकार ठरवण्यात आहे. मी तक्ता केलाय. ४२ इंच पन्ह्यात:

साडेचारचे ९ बसतात, दीड इंच वाया.
५ चे ८, दोन इंच वाया.
साडेपाचचे ७, साडेतीन वाया.
साडेसहाचे ६, तीन वाया.
७ चे ६, वाया शून्य!
साडेआठचे ४, तब्बल आठ इंच वाया.
साडेदहाचे ४, पुन्हा शून्य.

(सगळी मापं कापायची आहेत. शिवून झाल्यावर अर्धा इंच कमी.)

आता निळीपिवळीने ६ ऐवजी साडेसहाचे चौकोन ठरवले असते, म्हणजे ७ चे कापले असते, तर आडवे ९ आणि उभे १३, एकूण ११७. गोधडी ५८.५ × ८४.५, जवळजवळ तेवढीच. एका रंगाचे ५९, दुसऱ्याचे ५८. ५९ भागिले ६, दहा पट्ट्या, दाही सत्ते ७० इंच. चौकोन मोठा केला आणि कापड ८ इंच वाचलं. शिवाय शिवणी कमी. शिवाय ९ आणि १३ दोन्ही विषम असल्यामुळे चारही कोपऱ्यांत एकच रंग येतो, तेही छान दिसतं.

दोन सूत (सकाळी ९:३०)

एक्सेलशौकीन, तक्ता सुरेख, पण ते शून्य बघून मला घाम फुटला. पन्हा पावणेबेचाळीस निघाला तर? कापड पन्ह्यातही आटतं. मग सातचे सहा नाही, पाचच बसणार. ५९ भागिले ५, बारा पट्ट्या, बारा साते चौऱ्याऐंशी. ७० चे एकदम ८४ इंच. वाचवायला गेलात आठ आणि घालवलेत चौदा.

कापड धुऊन हातात आल्यावर, काठ सोडून मोजून ४२ च्या वर भरलं, तर खुशाल ७ चे कापा. कागदावर नका कापू.

एक्सेलशौकीन (सकाळी ९:३८)

मान्य. तक्त्यात एक रकाना वाढवला: 'घाम'. शून्य वाया असेल तिथे लाल.

जुनी सुई (सकाळी ११:२०)

तुमचं सगळं वाचून मला दम लागला बाई. चाळीस वर्षं शिवतेय, आजवर एकदाही भागाकार केला नाही. हातात तुकडे असतात ते मांडायचे. संपले की शेजारी दुसरा रंग. तो संपला की तिसरा. गोधडी आपली आपण सांगते केवढी व्हायचं ते. हे आधी साठ गुणिले चौऱ्याऐंशी ठरवायचं आणि मग कापडामागे धावायचं, हे कशाला?

दोन सूत (सकाळी ११:४५)

सुईताई, तुमच्या पद्धतीत चूक होऊच शकत नाही, कारण काय व्हायला हवं होतं ते कुणालाच माहीत नसतं. 🙂 पण दोनच रंग, एकाआड एक, पलंगाच्या मापात, असं एकदा ठरलं की शेजारी तिसरा रंग लावायची सोय संपली. चौदाव्या ओळीत निळा संपला तर तो चुकून संपल्यासारखाच दिसतो.

जुनी सुई (दुपारी १२:०५)

तेराव्या ओळीपासून नाही लावायचा. तिसऱ्या ओळीत एक, सातव्यात दोन, असा विखरून लावायचा. मग तो 'मुद्दाम' दिसतो. लबाडी आधीपासून करावी लागते.

उसवण (दुपारी १२:०७)

'लबाडी आधीपासून करावी लागते' हे मी मशीनवर चिकटवणार आहे.

रंगारी (दुपारी १:३०)

कुणी धुण्याबद्दल बोललं नाही म्हणून. निळीपिवळीने आधी धुतलं ते उत्तम केलं. सुती कापड साधारण तीन ते पाच टक्के आटतं, आणि दोन वेगळ्या ताग्यांचं सारखंच आटेल असं नाही. न धुता शिवलं तर निळे चौकोन एक म्हणतात, पिवळे दुसरं, आणि मधल्या शिवणी चुणतात.

आणि गडद रंग! मी एकदा लाल-पांढरी शिवली, घाईत न धुता. तीन आठवड्यांचं हातशिवणीचं काम. पहिल्या धुण्यात पांढरे चौकोन गुलाबी झाले, तेही सगळे सारखे नाहीत. लालाच्या शेजारचे जास्त, त्यातही कडेचे सर्वांत जास्त. जवळून पाहिलं तर प्रत्येक पांढऱ्या चौकोनाला गुलाबी चौकट होती, मध्ये पांढरा डाग. येणारे-जाणारे विचारतात, ही नक्षी कशी काढली?

मांजरपाट (दुपारी १:४१)

मी मुद्दाम धुत नाही. पूर्ण झाल्यावर धुतली की सगळी एकदम थोडी आटते, टाक्यांभोवती बारीक सुरकुत्या पडतात, जुन्या गोधडीसारखी मऊ दिसते. मला तेच हवं असतं. पण हो, लाल आणि गडद निळा आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघते. फडक्याला रंग लागला तर धुते.

आणि कापलेले छोटे तुकडे अजिबात धुवायचे नाहीत. कडा उसवून साडेसहाचा सव्वासहा होतो. एकदा करून झालंय.

तिरपा (दुपारी ३:१०)

माझाही प्रश्न इथेच विचारतो, नवीन धागा नको. चौकोनांऐवजी त्रिकोण असतील तर? दोन त्रिकोण जोडून ६ इंचाचा चौकोन करायचाय. साडेसहाचा चौकोन कर्णात कापला आणि जोडला तर तो साडेसहाचा राहिलाच नाही.

दोन सूत (दुपारी ३:४०)

राहणार नाहीच. कर्णावरही शिवण आली ना. तिरप्या शिवणीला सरळ शिवणीपेक्षा जास्त कापड लागतं. नियम: शिवलेलं माप अधिक सात सूत. (इंचाचे आठ सूत, पाव इंच म्हणजे दोन सूत. माझं नाव त्यावरूनच.) म्हणजे ६ च्या त्रिकोण-जोडीला ६ इंच ७ सुताचा चौकोन कापा, कर्णात दोन करा.

का, तर दोन बाजूंची शिवण मिळून अर्धा इंच, आणि कर्णाची शिवण आडवी मोजली तर पाव गुणिले १.४१४, म्हणजे ०.३५. बेरीज ०.८५. सात सूत म्हणजे ०.८७५. केसभर जास्त, म्हणून चालतं.

मी स्वतः सरळ ७ चा कापतो, शिवतो, मग साडेसहाला छाटतो. पण मग हिशेब ७ च्या मापाने करायचा, आणि ते 'घाम' प्रकरण लागू होतं.

तिरपा (दुपारी ३:४८)

कळलं. कर्णावर कापलेली कड ओढली की लांबते, त्याला काय करू?

जुनी सुई (दुपारी ४:००)

ओढू नका.

तिरपा (दुपारी ४:०१)

🙏

मांजरपाट (सायंकाळी ५:१५)

दिशा असलेल्या छापाचं कुणी बोललं नाही. माझ्याकडे उभ्या बगळ्यांचं कापड होतं. त्याला नेहमीपेक्षा बरंच जास्त कापड धरावं.

एक्सेलशौकीन (सायंकाळी ५:२२)

का पण? नुसत्या चौकोनांना दिशेमुळे कापड जास्त लागत नाही. सगळे चौकोन एकाच बाजूने कापले जातात, मांडताना फक्त बगळे उभे आहेत ना तेवढं बघायचं. जास्त लागतं ते लांब पट्ट्यांना. चारी बाजूंना किनार लावायची असेल तर वरची-खालची पट्टी पन्ह्यातून आणि बाजूच्या पट्ट्या लांबीतून कापाव्या लागतात, नाहीतर दोन बाजूंचे बगळे आडवे झोपतात. किंवा छापातला एकच बगळा प्रत्येक चौकोनाच्या बरोबर मध्ये हवा असेल तर. तेव्हा भागाकार विसरा, बगळे मोजा.

मांजरपाट (सायंकाळी ५:३०)

मला मध्येच हवा होता. कापडाची चाळण झाली. नंतर दाराचा पडदा केला तर उन्हात भोकांचे चौकोन जमिनीवर पडायचे.

(शेवटचं वाक्य खोटं आहे. चाळण खरी.)

घडीमोड (रात्री ८:०५)

माझं थोडं वेगळं. मी नमुना पाहून शिवते, त्यात मापं यार्डात असतात. सव्वादोन यार्ड वाचून सव्वादोन मीटर मागितलं तर काही बिघडत नाही, उरतं. एक यार्ड ३६ इंच, एक मीटर ३९.३७. पण एकदा उलटं झालं. मीटरमध्ये केलेला स्वतःचा हिशेब यार्डात विकणाऱ्याकडे तसाच सांगितला. दोन मीटरला पावणेसात इंच कमी आलं, म्हणजे माझी अख्खी एक पट्टी गेली.

अजून एक: ते १८ × २२ चे तयार तुकडे मिळतात ना, फॅट क्वार्टर? ते चांगले की ताग्यावरून कापलेला पाव यार्ड?

एक्सेलशौकीन (रात्री ८:३०)

दोन्हीचं क्षेत्रफळ तेवढंच, पण वर बोललो तसं, क्षेत्रफळावर जाऊ नका. ताग्यावरचा पाव यार्ड ९ × ४४. साडेसहाचे चौकोन हवे असतील तर दोन्हीतून सहा-सहाच. ५ चे हवे असतील तर फॅट क्वार्टरमधून तीन गुणिले चार, बारा. ताग्यावरच्यातून एकच पट्टी, आठ. तुकडा तोच, आकार बदलला की चार चौकोनांचा फरक. आणि लांब पट्टी हवी असेल तर फॅट क्वार्टरचा उपयोग नाही.

रंगारी (रात्री ८:४४)

वरच्या बाजूवर इतकं बोललो, खालच्या अस्तराचं काय? बहुतेकांचा जीव तिथेच जातो. वरचं सगळं होतं आणि मग कळतं की पाठीला चार-पाच मीटर लागतं.

दोन सूत (रात्री ९:१०)

बरं काढलंत. ६० × ८४ च्या गोधडीला अस्तर आणि मधला थर दोन्ही चारी बाजूंनी ४ इंच मोठे घ्या, म्हणजे ६८ × ९२. टाके घालताना वरचं कापड सरकतं, ती सोय.

आता ४२ च्या पन्ह्यात ६८ रुंदी एका तुकड्यात येत नाही. जोड उभा घेतला तर ९२ चे दोन तुकडे, १८४ इंच, ४ मीटर ६७ सेंटिमीटर. जोड आडवा घेतला तर ६८ चे तीन, २०४ इंच, ५ मीटर १८. इथे उभा बरा. पण नेहमी उभाच बरा असं नाही, माप बदललं की उत्तर बदलतं. दोन्ही करून बघायचं. उभ्यात १५ इंच रुंद आणि ९२ लांब पट्टी उरते, कडेचा गोट त्यातूनच निघतो.

१०८ इंच पन्ह्याचं अस्तराचं कापड मिळालं तर ते आडवं लावा. १७३ सेंटिमीटर पुरतं, जोडच नाही.

उसवण (रात्री ९:१४)

किंवा जुनी चादर.

दोन सूत (रात्री ९:१६)

किंवा जुनी चादर. पण फार घट्ट विणीची नको, हाताने धावदोरा घालताना सुई जात नाही.

निळीपिवळी (रात्री १०:२०)

सगळं वाचतेय, वहीत उतरवतेय. पण मंडळी, तुम्ही त्रिकोण, बगळे, चादर सगळं केलंत आणि माझे ९६ चौकोन अजून जमिनीवर पडलेत. उरलेल्या चिंध्यांमधून काही निघेल का? प्रत्येक पट्टीच्या शेवटी ३ इंच रुंद, साडेसहा लांब तुकडा उरलाय. असे दोन्ही रंगांचे आठ-आठ आहेत. शिवाय ताग्याच्या टोकाची ५ इंची पट्टी, एकेक.

जुनी सुई (रात्री १०:३२)

तीन-तीन जोड. तीन त्रिक नऊ, दोन शिवणींचा एक इंच गेला, आठ भरेल. साडेसहाला छाट. झाला चौकोन.

एक्सेलशौकीन (रात्री १०:३५)

सुईताई, हा भागाकार नसेल पण गणित होतं! 😄

आठ तुकड्यांतून मात्र असे दोनच होतील. ४८ चे ५० झाले. अजून २० हवेत.

वाचनमात्र (रात्री ११:५०)

सहसा लिहीत नाही. एकच विचारायचं होतं.

४८ आणि ४८ म्हणजे ९६. आडवे ८, उभे १२ मांडले तर ४८ × ७२ इंच होतात. ६० मधून ४८ गेले १२. ८४ मधून ७२ गेले १२. चारी बाजूंनी ६ इंचाची किनार लावली तर तुमचं ठरवलेलं माप बरोबर येतं. किनार तिसऱ्या रंगाची घ्यावी, म्हणजे निळं मिळत नसलं तरी अडत नाही. की माझं काही चुकतंय?

निळीपिवळी (सोमवार, सकाळी ६:३०)

मी आत्ता उठून जमिनीवर मांडून पाहिलं. आठ आणि बारा. बरोबर बसतात, एकही चौकोन उरत नाही. मी दोन दिवस या ढिगाकडे 'कमी पडलेले' म्हणून बघत होते.

उसवण (सकाळी ७:०२)

एवढ्या सगळ्या तज्ज्ञांमध्ये उत्तर वाचनमात्र कडून यावं! दोन सूत, एक्सेल, तुम्ही दोघं कोपऱ्यात उभे राहा.

एक्सेलशौकीन (सकाळी ८:१०)

उभा आहे. कोपऱ्यातून लिहितोय. वाचनमात्र, तुमचं काहीही चुकत नाही.

दोन सूत (सकाळी ८:४०)

मीही कोपऱ्यात. पण तिथूनच किनारीचं कापड सांगतो, नाहीतर आपण पुन्हा क्षेत्रफळावर जाऊ.

बाजूच्या दोन पट्ट्या ७२.५, वरची-खालची ६०.५, सगळ्या साडेसहा रुंद. बेरीज २६६ इंच. पन्ह्यातून कापल्या तर सात पट्ट्या, साडेपंचेचाळीस इंच कापड, पण मधे मधे जोड येतात. गोटासाठी अडीच इंची पट्टी: कडेची लांबी २८८, कोपरे आणि जोड धरून ३००, म्हणजे पन्ह्यातून आठ पट्ट्या, २० इंच. एकूण साडेपासष्ट इंच, आटण्यासकट पावणेदोन मीटर.

माझा सल्ला वेगळा आहे. २ मीटर घ्या आणि सगळं लांबीतून कापा. साडेसहाच्या चार पट्ट्या म्हणजे पन्ह्यातले २६ इंच. गोटाच्या अडीचच्या पाच पट्ट्या म्हणजे साडेबारा. साडेअडतीस झाले, पन्हा ४२, बसतं. किनारीला एकही जोड नाही. आणि कापड लांबीतून कमी ताणलं जातं, त्यामुळे किनार लाटांसारखी होत नाही. पाव मीटर जास्त लागलं, पण ते सत्कारणी.

एक सांगून ठेवतो. किनार ७२.५ ची आधीच कापू नका. मधला पट शिवून झाल्यावर त्याच्या मधोमध, वरून खाली, टेप लावून मोजा. कडेला मोजू नका, कडा ताणल्या गेलेल्या असतात. मधोमध जे येईल तेवढीच किनार कापा.

निळीपिवळी (सकाळी ९:००)

पण १२ सख्खं ७२ आणि वर अर्धा. मोजायचं कशाला?

दोन सूत (सकाळी ९:०४)

शिवून झाल्यावर सांगा.

मांजरपाट (सकाळी ९:२०)

तोपर्यंत तुझा पाव इंच खरंच पाव आहे का ते बघ. दीड इंची तीन पट्ट्या शेजारीशेजारी शीव, इस्त्री कर, मधली मोज. बरोबर एक इंच आली पाहिजे. कमी आली तर तू जास्त आत शिवतेस. अर्धा सूत चुकलं तर एका शिवणीत कळतही नाही, पण ते प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही बाजूंना जातं. बारा चौकोनांत दीड इंच.

घडीमोड (सकाळी ९:४१)

आणि आठ × बारामध्ये चारही कोपरे एका रंगाचे येणार नाहीत, ते आधीच सांगून ठेवते. वरती एक्सेल म्हणाले तसं.

जुनी सुई (सकाळी १०:१५)

झोपलेल्या माणसाला कोपरे दिसत नाहीत.

निळीपिवळी (तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६:१०)

धागा वर काढतेय, हिशेब द्यायचा राहिला होता.

करड्या रंगाचं २ मीटर घेतलं. धुऊन, कड सरळ करून ७६ इंच भरलं. मधला पट शिवला. मांजरपाटने सांगितलेली तीन पट्ट्यांची चाचणी केली नाही, खरं सांगते, उत्साहात होते. मधोमध टेप लावला. ७२.५ नाही, ७१.५. एक इंच कुठे गेला? बारा चौकोनांत थोडा थोडा. डाव्या कडेला मोजलं तर मात्र ७२.२५ येतं! म्हणजे कड ताणलेली. कडेच्या मापाने किनार लावली असती तर पाऊण इंच जास्तीची पट्टी झोळ होऊन बसली असती.

७१.५ चीच कापली. कड थोडी जमवून घ्यावी लागली, टाचण्या खूप लागल्या. आता पूर्ण झालेली गोधडी साधारण ५९ × ८३ आहे. माझे पाय झाकले जातात, उसवणचे माहीत नाही.

वाचनमात्र, तुमचे खास आभार. दोन सूत, ठाऊक असून सकाळी ९:०४ ला सांगितलं नाहीत!

दोन सूत (सायंकाळी ६:३०)

सांगितलं असतं तर मोजलं नसतंत. फोटो टाका.

जुनी सुई (सायंकाळी ७:००)

आणि ते तीन इंची सोळा तुकडे? फेकलेस का?

निळीपिवळी (सायंकाळी ७:०८)

नाही. टोपलीत आहेत. तुमच्यासारखं मांडून बघतेय, अजून काही बोलले नाहीत.